खलफानची एका डोळ्याची दुर्बीण

मी एक दुर्बीण बोलतेय. खरं तर अर्धीच. माझी डावी नळी खारं पाणी पिऊन कधीच आंधळी झाली. पण उजवीनं मी जे पाहिलंय, ते धडधाकट दुर्बिणींच्याही नशिबी नसतं.

माझा मालक खलफान, अरबी किनाऱ्यावरच्या मुसंदमचा कोळी. त्यानं मला घेतलं ते पाखरांसाठी नव्हे, माशांसाठी. समुद्रावर पाखरांचा थवा कुठे झेपावतोय ते मी दाखवायचं. खाली मासे हमखास. हिवाळाभर आम्ही पाण्यावर. उन्हाळ्यात खजूर पिकला की तो बायकोला, मोझाला घेऊन डोंगरातल्या घरी जाई आणि मी तिथल्या खुंटीला लटके.

पोटासाठी बघता बघता खलफानला पाखरांचं वेडच लागलं. एकदा, किनारा दिसेनासा झालेल्या पाण्यात, एक चिमुकलं पाखरू लाटांवर पाय टेकवत चाललं होतं. तसली पाखरं आम्ही पुष्कळ पाहिलेली, पण त्यांच्या कंबरेवर पांढरा पट्टा असतो. हे पार काळं. ते दिसेनासं होईपर्यंत खलफाननं मला डोळ्यावरून खाली घेतलं नाही.

त्यानं पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळाला कळवलं. उत्तर आलं, एकट्याची साक्ष चालत नाही. सोबत कोण होतं? सोबत मी होते, पण माझं कोण ऐकणार? आपल्याला थापाड्या ठरवलं, हे त्याच्या फार मनाला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला डोंगरात काळा गरुड दिसला. आमच्या कड्यांत तो कधी कुणी नोंदवला नव्हता. या वेळी मंडळाचा याकूब स्वतः खात्री करायला आला. त्याच्याकडे दोनच तास होते, आणि खलफानची सगळी अब्रू त्या दोन तासांवर टांगलेली.

पण पाहुणा आला की आधी खजूर, मग कॉफी. पाहुण्यानं रिकामा पेला हलवला म्हणजे पुरे. नाही हलवला, तर यजमानानं पुन्हा भरायचा. याकूब गप्पांत रंगला आणि पेला हलवायचं विसरला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे दरीतून गरुड वर आला. खलफाननं तो पाहिला. आणि त्या भल्या माणसानं रीत पाळून किटलीतून पेला भरला.

मोझानं मात्र मला खुंटीवरून ओढलं आणि कड्याकडे धाव घेतली.

पेला हलला, तेव्हा आभाळ मोकळं झालं होतं.

"आत्ताच येऊन गेला," खलफान म्हणाला.

"मग सांगितलं का नाही, काका?"

"पेला हातात असलेल्या पाहुण्याला ऊठ कसं म्हणू?"

याकूब हिरमुसला. पुन्हा एकट्याचीच साक्ष, असं तो पुटपुटला.

"एकट्याची कशी?" मोझा दारातून म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

याकूबनं तिला बाजूला नेऊन विचारलं. तिनं सांगितलं, गरुड कड्याखाली उतरला तेव्हा त्याची पाठ दिसली. खांद्यांपासून पांढऱ्या रेघा निघून खाली एकमेकींना मिळालेल्या. काळ्या गरुडाची ही खूण बसल्या जागेवरून खलफानला दिसणं शक्यच नव्हतं, आणि याकूबनं ती कुणाला सांगितली नव्हती. त्यानं वही उघडली आणि दोघांची नावं लिहिली, मोझाचं आधी.

"आयुष्यभर डोळे मी फोडले आणि पहिलं नाव हिचं," खलफान म्हणाला.

"तुम्ही ओतत बसा, सैफचे बाबा." मोझा त्याला मुलाच्या नावानंच हाक मारते.

मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

आता बोटीतही मोझा सोबत असते. त्या काळ्या पाखराची नोंद अजून कोरीच आहे. माझी एकच नळी, ती मी दोघांना आळीपाळीनं पुरवते. माझं मागणं एवढंच की ते पाखरू पुन्हा लाटांवर चालत आलं, तर खलफाननं मला आधी मोझाच्या हाती द्यावं. त्यानं पाहिलंय ते.