उपटून बघू नका

सकाळी टाकीवरचा दिवा लावला तर झाडाची आणखी एक काडी पाण्यावर तरंगत होती. खालचं टोक काळं पडलेलं, बोटांत धरताच गळून गेलं. आठांपैकी आता एकच उरली.

काचेच्या टाकीतली ही झाडं बायकोची. शेंडा कापायचा, खालची पानं काढायची आणि एकेक काडी चिमट्याने तिरकी करून वाळूत खोचायची. पुढे मुळं आपोआप फुटतात. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने खुर्चीवर बसून आठ काड्या लावल्या. मला म्हणाली, "मुळं धरली का, ते उपटून बघू नका. तुम्हाला दम निघत नाही."

ती परत घरी आली नाही. मी मात्र रोज उपटून बघत राहिलो. एकदा पांढरा धागा दिसला, तोही माझ्याच हातून तुटला. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दवाखान्यात तिचा डोळा लागला की खांदा हलवून विचारायचो, बरं वाटतंय ना. शेवटी नर्स म्हणाली, काका, त्यांना झोपू द्या. त्यानंतरही मी दोनदा उठवलं.

दुपारी मुलगी आली आणि दारातच नाकाला पदर लावला. पाणी दुधाळ झालं होतं, वास घरभर होता. आई म्हणायची ते खरं, बाबांचा हात म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं म्हणून ती हसली. टाकी रिकामी करू, तुम्ही माझ्याकडे चला, हे तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, एक काडी अजून उभी आहे. त्या काडीने मुळं धरली असतील तर टाकी राहील, नाहीतर आजच काढायची, असं ठरवून तिने पाण्यात हात घातला.

मी तिचं मनगट धरलं. "उपटू नकोस."

"मग कळणार कसं, बाबा?"

"नाही कळलं तरी चालेल."

तिने माझ्याकडे बघितलं, हात बाहेर काढला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. हलणारी काडी हळूहळू स्थिर झाली.

बऱ्याच वेळाने तिचं खालचं एक पान सुटलं आणि सावकाश वर आलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.