बाबांचा ट्रक सुरू होईना

झटका आला आणि बाबांची डावी बाजू लुळी पडली. त्याबरोबर ट्रकही सुटला. उभा जन्म स्टिअरिंगमागे काढलेला माणूस खाटेवर पडून नुसता छताकडे बघायला लागला, ते लेकीला बघवेना. तिने ओळखीपाळखीतून टीव्हीला जोडायचा एक जुना गेमिंग कन्सोल मिळवला. त्यावर ट्रक चालवायचा एक खेळ होता. टेबलाला आवळायचं स्टिअरिंग, पायाखाली पेडल. उजवा हात आणि उजवा पाय एवढं पुरे होतं. रोज जेवण उरकलं की बाबा "निघतो गं" म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत कुठे कुठे माल पोचवून यायचे. मध्येच कोणी आडवा आला की हॉर्न दाबून चार शिव्याही हासडायचे. शेजारीपाजारी हसायचे. घरात जीव आला होता.

पण खेळाची डिस्क झिजली. भर रस्त्यात ट्रक गोठायचा आणि बाबा खोळंबून बसायचे. तसली डिस्क आता औषधालाही मिळत नव्हती. एक नक्कल मिळाली, पण कन्सोल तिला ओळखच देईना. त्यावर उपाय एकच, मॉडचिप. नखाएवढा तुकडा, आतल्या बोर्डाला बारीक तारांनी जोडला की कन्सोल नक्कलही मुकाट चालवतो.

बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ठेवून जा. पण रांग मोठी आहे, घाई करायची नाही."

तोवर बाबांनी करायचं काय? लेक कवळ्या बनवायची. दाताच्या कडेवरचा केसाएवढा उंचवटाही तिच्या बोटांना कळायचा. "मीच बसवते," ती म्हणाली. "चार तारा तर जोडायच्या आहेत."

"चालू गाडीचं इंजिन उघडू नये," बाबा म्हणाले. जीभ अजून जड होती, शब्द घासत बाहेर यायचे.

"चालू कसली? रोज रस्त्यात बंद पडतेय!"

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने खिडकीखाली टेबल ओढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि व्हिडिओ बघत बघत एकेक तार डागली. एक तार काही केल्या चिकटेना, म्हणून तिथे सोल्डरिंगचं तापलेलं टोक जरा जास्तच वेळ टेकवलं. चिकटली एकदाची. झाकण लावून तिने बटण दाबलं.

काहीच नाही. दिवासुद्धा नाही.

"बॅटरी उतरली?" बाबांनी विचारलं.

"थांबा हो."

पुन्हा उघडलं. बटणाकडून येणारी चपटी केबल नीट बसली नव्हती. ती बसवली. आता दिवा हिरवा झाला आणि लगेच विझला. भिंगातून बघितलं तर चिपच्या शेजारशेजारच्या दोन पायांवर सोल्डरचा थेंब पसरला होता. तो काढला, ब्रशने बोर्ड पुसला. या खेपेला दिवा हिरवा राहिला, पंखा फिरला. बाबा सावरून बसले, पाय पेडलवर गेला.

पडदा काळाच.

तिने टीव्हीची केबल बदलली. मग मॉडचिपची वीज तोडली. चिपच बिघडलेली असेल तर कन्सोल निदान पूर्वीसारखा तरी चालेल. पडदा काळाच. मग चिपच उपटली, सगळ्या तारा काढल्या. त्यातली ती हट्टी तार आली ती बोर्डावरचा तांब्याचा ठिपका घेऊनच. तिने पुन्हा बटण दाबलं. पडदा काळाच. सकाळपर्यंत कन्सोल अडखळत का होईना, चालत होता. आता चिप नाही, काही नाही, तरी चालत नव्हता.

"झालं का?" बाबांनी विचारलं.

"होतंय," ती म्हणाली. खोटं बोलताना तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन बसली. दुरुस्तीवाल्याने रांगेतलं काम बाजूला सारून कन्सोल उघडला. उखडलेल्या ठिकाणी त्याने केसासारखी तार टाकली, बटण दाबलं आणि पडद्यावर कन्सोलचं चिन्ह उमटलं. सुरुवातीची धूनही वाजली. "आलं, आलं!" ती खुर्चीतून उठलीच. तेवढ्यात चिन्ह थरथरलं आणि चित्र फाटल्यासारखं होऊन गेलं. मग त्याने बोर्ड गरम केला, गार केला, तारा पुन्हा ओढल्या. ते चिन्ह काही परत उमटलं नाही.

"आतली मुख्य चिप भाजलीय, ताई. उष्णता जास्त झाली. हा भाग आता मिळत नाही."

"काहीतरी करा ना."

"असाच दुसरा कोणी विकायला आणला तर कळवतो. पण शब्द देत नाही."

ती घरी आली तेव्हा बाबांचं जेवण झालं होतं. शेजाऱ्यांच्या मदतीने ते खुर्चीत येऊन बसले होते. स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं, टीव्ही लावलेला. तिच्या हातात कन्सोलची पिशवी दिसली तसे ते हसले.

"झाला सुरू?"

"नाही बाबा. गेला तो. माझ्याच हातून गेला."

बाबांनी एकदा टीव्हीकडे बघितलं. उजवा हात स्टिअरिंगवरून फिरत राहिला.

"होतं असं," शेवटी ते म्हणाले. "माझ्या हातूनही एक इंजिन फुटलंय." मग थांबून, अगदी सरळ, जणू तिला ठाऊकच असणार अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग आता मी दुपारी काय करू गं?"

तिने घड्याळाकडे बघितलं. कवळ्यांची कामं खोळंबली होती, तिला निघायला हवं होतं. "बघू काहीतरी," ती म्हणाली. स्टिअरिंग सोडवायला तिने हात पुढे केला, तसं बाबांनी मान हलवली.

"राहू दे. बसलोच आहे."

ती पिशवी तशीच धरून दारात उभी राहिली. निघावं की बसावं, तिला ठरवता येईना.