चिमाबाईचा गाळ

ओतूरच्या शिवेवर दादाभाऊनं पनीरची डेअरी काढली आणि चिमाबाईच्या विहिरीचं वाटोळं झालं. फाटलेल्या दुधाचं पाणी ओढ्यात जायचं, ओढ्यातून विहिरीत झिरपायचं. तांब्या तोंडाशी नेला की मळमळायचं. गप्प बसेल तर ती चिमाबाई कसली! तिनं सरळ तालुक्याला तक्रार केली.

तेवढ्यात तिच्या भावाची लेक, प्रांजल, इंजिनियरिंगचा प्रोजेक्ट घेऊन पुण्याहून आली. तक्रारीच्या धाकानं दादाभाऊनं जागा दिली आणि डेअरीच्या आवारात तिनं टपांची रांग मांडली. टपात ओढ्याचा काळा गाळ, गाळात कोळशाच्या कांड्या आणि तारा, वरून डेअरीचं पाणी. गाळातले जंतू घाण खातात, पाणी निवळतं आणि खाता खाता वीजही होते, असं तिचं म्हणणं.

"जंतू वीज करत्यात? काय बाई, कायबी सांगतीस!" चिमाबाई हसली होती.

पण पोर माहेरची. कॉलेजमुळं तिला रोज येणं जमेना, तेव्हा गाळ सांभाळायचं काम चिमाबाईनंच घेतलं. तिला ते विरजणासारखं वाटलं. ऊब हवी, हात लावायचा नाही, उपाशी ठेवायचं नाही. थंडीत तिनं टपांवर घरची घोंगडी टाकली. संक्रांतीच्या सुमारास तारेच्या टोकाला हरभऱ्याएवढा दिवा लागला आणि ही बाई अख्ख्या आळीला हाताला धरधरून दाखवायला घेऊन गेली. ओढ्यात आता निवळलेलं पाणी जात होतं. विहिरीचं पाणीही पुन्हा पिण्याजोगं झालं होतं.

तक्रारीची पाहणी करायला तालुक्याहून साहेब येणार असं ठरलं. टप चालू दिसले की तक्रार मिटणार होती, आणि टप असेच चालणार असतील तर चिमाबाईचंही काही म्हणणं नव्हतं.

त्या दिवशी ती डेअरीत गेली आणि बघते तर काय! पाव्हणे येणार म्हणून दादाभाऊच्या माणसांनी टप लख्ख केले होते! दुधाचे कॅन ज्या सोड्यानं धुतात, त्याच सोड्यानं. गाळसुद्धा खळखळून धुऊन परत भरलेला.

"मेलं की रं सगळं! मुडद्यांनो, विरजण कुणी सोड्यानं धुतं व्हय?"

"वास मारत व्हता, वहिनी," दादाभाऊ म्हणाला. "साहेबाच्या नाकाला फडकं लावायचं का?"

साहेब आले. चिमाबाईनं ठरवलं, खरं ते सांगायचं, महिनाभर मुदत मागायची, गाळ परत धरायचा. तेवढ्यात पाहणीसाठी पुण्याहून आलेल्या प्रांजलनं तारा जोडल्या आणि दिवा लागला. नेहमीपेक्षा झगझगीत.

चिमाबाई बघतच राहिली. मेलेल्या गाळावर दिवा? तिनं टपामागं हात घातला. बॅटरी!

"साहेब, ह्यो दिवा खोटा हाय! गाळ मेलाय. प्रांजल, तू सांग गं. तुझ्या तोंडानं सांग."

प्रांजलनं एकदा दादाभाऊकडं बघितलं. मग साहेबांकडं वळून, शुद्ध भाषेत म्हणाली, "सर, ती राखीव बॅटरी आहे. आत्याला यातलं काही समजत नाही."

साहेब हसले. तक्रार मिटली.

संध्याकाळी दादाभाऊनं टप उचलून ठेवले. "आता कशाला ती घाण?" पांढरं पाणी पुन्हा ओढ्याला लागलं. दादाभाऊचा चिमाबाईला राग नव्हता, तो त्याच्या जातीवर गेला. पण ही? हिला तिनं लेक म्हणलं होतं.

दिवेलागणीला प्रांजल दारात आली. "आत्या, प्रोजेक्ट बुडला असता गं. वर्ष गेलं असतं माझं."

दारी आलेल्याला पाणी द्यायचं, तेवढं चिमाबाईनं केलं. रात्रीतून पांढरं पाणी विहिरीत उतरलं, की उद्यापासून प्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागणार होतं. आज अजून घरचं होतं. तिनं तांब्या भरून पुढं ठेवला.

"पी. चांगल्या पाण्याचा शेवटचा तांब्या हाय. तूच संपव."