मुलाखतीपुरती आई

'से' कधी म्हणायचं आणि 'टेल' कधी?

जूडीच्या नव्या बुटाचं बक्कल टोचतं.

भट्टीवरून आणलेल्या गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. वरच्या फळीवर चिठ्ठी: मोजता येतं त्याला 'मेनी', मोजता येत नाही त्याला 'मच'.

पलंगाच्या पायाला सोनेरी मुलामा चढवला की आतलं लाकूड कुणी विचारत नाही.

'सिन्स' की 'फॉर'? न्हाणीघराच्या आरशावर. तोंड धुताना उत्तर द्यायचं.

मुलुखियाची हिरवी पानं चिरता चिरता सुरी थांबली, तर नणंद म्हणते, "वहिनी, हात थांबवू नकोस. आणि तोंडही."

इजिप्तमधल्या दुम्यात गावातल्या त्या घरात हे सगळं एकाच गोष्टीसाठी चाललं होतं. गावाबाहेरच्या नव्या इंग्रजी शाळेने जूडीला बालवर्गात घ्यावं. ही शाळा पोरांना फारसं काही विचारत नाही, विचारते आईबापांना. आईचं इंग्रजी कच्चं म्हणजे घरच कच्चं, असा तिचा न्याय. आणि सगळ्या गावाने तो मान्य केलेला, तोही हौसेने.

जूडीची आई रावया, खेड्यातून आलेली, अरबी शाळेत शिकलेली. नवरा एसाम फर्निचरचा कारखानदार. परदेशी गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता त्याला इंग्रजी जमलं होतं. त्याची बहीण नर्मीन बंदरावरच्या कचेरीत कामाला. पोरीचं नावही तिनेच ठेवलेलं, परदेशी वाटावं म्हणून. घरभर चिठ्ठ्याही तिनेच डकवल्या होत्या.

रावया मन लावून शिकत होती. भांडी घासताना पुटपुटायची, कपडे वाळत घालताना पुटपुटायची. एका शुक्रवारी पाहुणे जमले. कांदा भरलेलं बदक तिने केलं होतं. नर्मीन म्हणाली, "वहिनी, सांग ना सगळ्यांना, दिवसभर काय काय करतेस. इंग्रजीत."

रावयाने सांगितलं. अडखळत, पण सांगितलं.

एसामचे काका बोटं चाटत म्हणाले, "सूनबाई, बदक झकास भरलंस हो. तोंडात शब्द तेवढे भरायचे राहिले!"

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. तिच्या हातच्या बदकाची चरबी हनुवटीवरून ओघळतेय, आणि हसताहेत तिलाच. सगळे हसले म्हणून जूडीही हसली. ते मात्र रावयाच्या काळजाला लागलं.

मुलाखतीच्या दिवशी गाडीत एसामने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "आत नर्मीन येईल. आई म्हणून."

"आणि मी?"

"तू बाहेर बस. कुणी विचारलंच, तर मुलीला सांभाळायला ठेवलेली बाई."

"कुणाच्या मुलीला?"

"अगं वहिनी, नाटक आहे घटकाभराचं," नर्मीन म्हणाली. "सगळेच करतात. डॉक्टर शुक्रींनी तर शेजारीण नेली होती. पोरीचं भलं मोठं की तुझा मान मोठा?"

या प्रश्नाला आईकडे उत्तर नसतं, हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 

"जूडीला शिकवून ठेवलंय," एसाम म्हणाला.

कधी शिकवलं, हे त्याने सांगितलं नाही.

शाळेच्या ओसरीत बाक होतं. त्यावर आधीच एक बाई बसलेली, मांडीवर पाण्याची बाटली आणि मुलाचा सदरा. पायांत मात्र चांगल्या घरच्या चपला.

"तुम्ही कुणाकडच्या?" रावयाने विचारलं.

"मी... सांभाळते."

तेवढ्यात एक मुलगा पळत आला, पाणी प्यायला आणि परत पळाला. त्याचं नाक त्या बाईचं होतं. नाकच काय, हनुवटीवरची खळीही. बाई बाटलीचं झाकण लावत बसली, ते कधीचं लागलेलं असूनही.

दार उघडलं. जूडी लंगडत बाहेर आली.

"रावया, बूट टोचतोय."

न अडखळता म्हणाली. मालकाची लेक मोलकरणीला म्हणेल तसं, आणि पाय पुढे केला. सवयीने रावयाचे हात बक्कलाकडे गेले.   तिने बक्कल काढलं, बूट काढला, पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ आत गेली.

मुख्याध्यापिका बाईंचं इंग्रजी चाललं होतं. निळ्या कोटातली नर्मीन मान डोलावत होती.

"मी हिची आई," रावया अरबीत म्हणाली. "ही आत्या."

एसामच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या पहिल्यांदाच अरबीत बोलल्या.

"ठाऊक आहे. कागदांवर तुमचंच नाव आहे, आम्ही वाचतो बाई. आत्याबाई छान बोलतात. पुढच्या सभांनाही त्याच आल्या तरी आमची हरकत नाही."

"खोटी आई चालते तुम्हाला?"

"इंग्रजी खरं असलं म्हणजे चालते," बाई हसून म्हणाल्या.

इतका वेळ रावयाला लाज आपलीच वाटत होती. त्या हसण्याने ती लाज कुणाची ते कळलं. टेबलावर बशीत बिस्किटं होती, भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या आयांची चित्रं होती.

"माझी मुलगी इथे शिकणार नाही."

"रावया, खाली बस!" एसाम दातओठ खात म्हणाला. "तमाशा करू नकोस."

"तमाशा घरून गाडीत घालून आणलात तुम्ही. मी फक्त पडदा पाडतेय."

ओसरीत ती त्या बाकावरच्या बाईपाशी थांबली. "उठा ताई. चला."

"आमचे हे आत आहेत," बाई कुजबुजली आणि बसून राहिली.

फाटकाबाहेर, एका पायात बूट नि एका पायात मोजा असलेल्या जूडीने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आता आई म्हणू का? की घरी गेल्यावर?"

"इथेच म्हण. मोठ्याने."

जूडी म्हणाली. पण म्हणण्याआधी तिने मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना.

आपल्या लेकरांना असं मागे वळून पाहायला आपण कोण कोण शिकवतो, हे ज्याने त्याने आपल्या घरात तपासावं. घरात पुढे वादळ झालं, नर्मीनने बोलणं टाकलं, एसाम महिनाभर कारखान्यातच जेवला. जूडी मशिदीमागच्या सरकारी शाळेत जाऊ लागली. तिथे इंग्रजीही शिकवतात, आणि संध्याकाळी मायलेकी एकाच पुस्तकावर डोकी लावून बसतात. प्रवेशाचे दिवस आले की रावया त्या मोठ्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. हातात पाण्याची बाटली घेऊन, मान खाली घालून आत निघालेली बाई दिसली की तिला एवढंच विचारते, "मूल कुणाचं, ताई?" बहुतेक जणी पुढे निघून जातात. रावया उभीच राहते.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नर्मीनचा निळा कोट रावयानेच इस्त्री केला होता. नणंदेने तो आपल्याला घालायला आणलाय, असं तिला वाटलं होतं.