माझ्या पाठीची झीज

मित्रांनो, लातूरच्या एमआयडीसीत शिरलात की एका पत्र्याच्या शेडमधून संथ घरघर ऐकू येईल. तो माझा आवाज. मी एक जुना लेथ आहे. लोखंडाची कांब माझ्यात आवळायची, ती गरागरा फिरते आणि हत्यार तिला हव्या त्या मापाला तासतं. पंजाबातल्या बटाल्यात माझा जन्म झाला. तिथून मालट्रकने लातुरात आलो, त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली.

इतकी वर्षं मला चालवलं ते रेवणसिद्ध मिस्त्रींनी. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. आसपासच्या दालमिलांचे किती शाफ्ट, म्हणजे यंत्रं फिरवणारे दांडे, आम्ही दोघांनी मिळून घडवले, ते ना त्यांना सांगता येईल ना मला. कोणी वाखाणलं तर अप्पा माझ्यावर थाप मारत आणि म्हणत, "माझं कशाला, याचं कवतिक करा."

गेल्या वर्षी पुनम आली. भोकरजवळच्या शेतकऱ्याची लेक. नांदेडच्या कॉलेजात यंत्रांचा डिप्लोमा करत होती आणि शिक्षणाचाच भाग म्हणून सहा महिने कारखान्यात काम करायचं होतं. केलेलं काम रोज एका वहीत लिहायचं आणि मधूनमधून कॉलेजच्या विशाखा मॅडम नांदेडहून येऊन ते तपासायच्या.

पहिले पंधरा दिवस अप्पांनी तिला माझ्या पोटाखालचा लोखंडी कीस झाडायला लावला. ती सारखी काही ना काही विचारायची आणि अप्पांचं एकच उत्तर असायचं, "बघत ऱ्हा. हाताला कळतंय आपोआप." ती बघत राहिली. तिसऱ्या महिन्यात तिचा हात माझ्या चाकावर स्थिर झाला.

तुरीचा हंगाम ऐन भरात होता. एका मिलचा शाफ्ट मोडला आणि मिल बंद पडली. अप्पा दुसऱ्या कामात अडकले होते, म्हणून शाफ्ट पुनमने केला. दोन्ही टोकांना बेअरिंग बसणार होतं. तिने एका टोकाचं माप घेतलं, ते अचूक निघालं. दुसरं टोकही हत्याराची जागा न बदलता तासलं होतं, म्हणजे माप तेच असणार, असं तिने धरलं. शाफ्टला ग्रीस लावून तिने तो गोणपाटात गुंडाळला.

दुपारी विशाखा मॅडम आल्या. वही पुढे करण्याआधी पुनमच्या लक्षात आलं की दुसऱ्या टोकाच्या मापाची जागा कोरीच आहे. तेच आकडे लिहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. तिने गोणपाट सोडलं आणि मायक्रोमीटर लावला. शाफ्ट त्या टोकाला केसभर बारीक भरला. बेअरिंग सैल बसलं असतं, तापलं असतं आणि चार दिवसांत मिल पुन्हा बंद पडली असती.

तिचा चेहरा उतरला. पण ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अप्पा, शाफ्ट बिघडला. माझ्याकडून बिघडला."

"काय करायलीस तू!" अप्पा कडाडले. "तिकडं मिलवाला सकाळधरनं वाट बघायलाय. दोन्हीकडं माप घ्यायला काय झालं?"

"चुकलं माझं. पण हत्यार हललं न्हाई अप्पा. मग माप कसं बदललं?"

अप्पा माझ्यावर वाकले. मग हत्यार ज्यांवरून सरकतं त्या माझ्या रुळांवरून सावकाश बोटं फिरवली. फिरत्या तोंडाजवळ मी झिजलो आहे. तिथे हत्यार किंचित खाली बसतं आणि कांब जाड राहते; पुनमने याच टोकाचं माप बरोबर आणलं, म्हणून दुसरं टोक जास्त तासलं गेलं. हे अप्पांच्या हाताला ठाऊक होतं, त्यांच्या जिभेवर मात्र कधी आलं नव्हतं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "अर्धी चूक माझी हाय. याची पाठ झिजलीय, हे मी पोरीला सांगितलंच न्हाई. माझ्या उस्तादानं मला काई सांगितलं न्हवतं. मला वाटलं, शिकायची रीतच ती."

दुसरी कांब चढली. पुनम तासत होती, अप्पा शेजारी उभे राहून बोलत होते. कुठे हात हलका ठेवायचा, कुठे दाबायचा, सगळं. वीतभर तासलं की ती थांबे आणि माप घेई. चाळीस वर्षांत अप्पांना माझ्याजवळ इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत शाफ्ट मिलमध्ये पोचला आणि मिल सुरू झाली.

पुढचा आठवडाभर पुनमने माझ्या पाठीची झीज जागोजागी मोजून मोठ्या अक्षरांत तक्ता केला आणि अप्पांनी तो भिंतीवर लावला. खाली दोघांची नावं आहेत.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेल द्या, माझ्यावरचा कीस झाडा, मी अजून पुष्कळ वर्षं चालेन. पण एवढ्यानं भागत नाही. ज्या हातांनी आम्हाला चालवलं, त्यांना ते हात चालते असेतोवर विचारून घ्या. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर 'बघत राहा' म्हणून वाटेला लावू नका.

परवा किनवटची श्रद्धा पुनमसारखीच सहा महिने काम शिकायला आली. अप्पांनी तिला थेट माझ्यापाशी आणलं.

"बस बाई," ते म्हणाले, "आधी याचे दोष सांगतो. गुण काय, तुला दिसतीलच."