नावाड्याच्या मुलीचं गाणं

टेक्ससमधल्या प्लेनोमध्ये सुमंतच्या ऑफिसात साफसफाईला येणारी एल्विरा काम करता करता एक स्पॅनिश गाणं गुणगुणायची. एकदा त्याने अर्थ विचारला. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की नावाड्याचा मुलगा पुरात वाहून गेला, त्याची बहीण शोधता शोधता पक्षीण झाली आणि अजून काठाकाठाने त्याला हाका मारत फिरते. "गोष्ट फार जुनी आहे," ती म्हणाली. "गाणं तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ."

ती चाल सुमंतच्या डोक्यातून जाईना. त्याने तिच्यावर मराठी शब्द बसवले आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत तो ते गाणं पेटीवर गायला. मंडळातल्या शोभनाकाकूंनी डोळे पुसत विचारलं, "चाल कुणाची रे?"

"माझीच."

असं म्हणायचं त्याने ठरवलं नव्हतं. पण म्हणून गेला, आणि मग ह्यूस्टनच्या मंडळाचंही बोलावणं आलं. तिथे निवेदिकेने 'गीत-संगीत सुमंत' म्हटलं, तेव्हा त्याने हात जोडले.

जानेवारीतल्या एका रविवारी काकूंकडे जेवण होतं. सुमंत आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, केयाला, घेऊन गेला होता. काकूंच्या आग्रहाने तो पुन्हा तेच गाणं गायला. जेवताना काकूंचा भाचा अंकुर म्हणाला, "सुमंतदादा, ही चाल मी रेडिओवर ऐकलीय यार. स्पॅनिश स्टेशनवर."

सुमंतचा घास हातातच राहिला.

"नो, अंकुरकाका," केया म्हणाली. "बाबाने घरी बनवली. मी तिथेच होते."

"मग माझाच काहीतरी घोळ झाला असेल. सॉरी हं!" अंकुर म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली. सुमंत खाली मान घालून जेवला. शेवटी त्याने दहीभातही मागून घेतला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ते गाणं टीचरने स्पॅनिश क्लासमध्ये शिकवलंय. एव्हरीबडी नोज इट, बाबा."

"मग तसं का सांगितलंस?"

केया खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यू लुक्ड स्केअर्ड."

आपल्या पोरीने आपल्यासाठी भरल्या ताटावर खोटं बोलावं, आणि आपण ते गिळून वर दहीभात मागून घ्यावा! पुढच्या सिग्नलला त्याने गाडी वळवली.

काकू भांडी डिशवॉशरमध्ये लावत होत्या. अंकुर सोफ्यावर होता. सुमंत केयाला घेऊन बूट न काढता दारातच उभा राहिला.

"काकू, ती चाल माझी नाही. अंकुर बरोबर बोलला. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. आणि ही जे बोलली ते मला वाचवायला."

काकूंनी ओले हात पुसले. "एवढंच ना? सगळेच चाली उचलतात. आत ये, चहा टाकते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अंकुर फोनमध्ये बघत होता, मुद्दामच. सुमंतला केयाकडे बघवेना.

"चहा नको," तो म्हणाला. "ह्यूस्टनवाल्यांनाही आजच फोन करतो."

गाडीपाशी केयाने विचारलं, "मी पण सॉरी म्हणायचं का?"

"नाही. तुझ्यावर ही वेळ मी आणली."

तिने मान हलवली आणि मागच्या सीटवर बसून पट्टा लावला. नेहमी ती पुढे बसायचा हट्ट धरायची.