कमळ उठेना ती पट्टी

मित्रांनो, जरा जपून बसा हं! मी एक जुनी तरटाची बसकरपट्टी आहे. कडा उसवल्यात, मधे विरलेय, पण तोरा काही गेला नाही. का जावा? या मुळशीच्या शाळेत माझ्यावर बसून किती पोरं बाराखडी शिकली!

सत्तावन्न साली पुण्याहून पौडापर्यंत मी मोटारीनं आले, पुढं बैलगाडीत पेंढ्यावर लोळत. कोरी होते तेव्हा पोरांना अशी टोचायचे की विचारू नका! मऊ झाले तशी मुलींच्या वाट्याला आले. काय दिवस होते ते! उन्हाळ्यात करवंदांचे डाग पडायचे, भातलावणीत चिखलाची पावलं उमटायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

डोंगरावरच्या वाडीतून कमळ यायची. सातवीपर्यंत पोचलेलं वाडीतलं ते पहिलंच लेकरू. सातवीची फायनल परीक्षा पास होऊन तिला मास्तरीण व्हायचं होतं. एके दिवशी शाळा सुटली, सगळ्या पळाल्या, कमळ मात्र माझ्यावरून उठेना. आमच्या शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका लीलाबाई जवळ आल्या.

"बाई, मला रगत येतंय. मी मरतीया का?"

अगं बाई! घरात कुणी तिला चकार शब्द सांगितला नव्हता. बाईंनी तिला कुशीत घेतलं, समजावलं आणि घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी कमळ आली नाही. मोठे गुरुजी मला लांबूनच बघून म्हणाले, "विटाळली ती पट्टी. टाकून द्या." लीलाबाईंनी मला उचललं, ओढ्यावर आपटून धुतलं आणि सगळ्यांदेखत शाळेच्या दगडी गडग्यावर वाळत घातलं. डाग फिका झाला, गेला नाही. "करवंदाचा चालतो, मग हा का नको?" बाई म्हणाल्या.

मी वाळल्यावर मुलांना कवायतीला पिटाळून बाईंनी मोठ्या मुलींना माझ्यावर बसवलं. तेवढ्यात कमळचा हात धरून तिची आई कोंडाबाई दारात उभी.

"पोर शाणी झाली. आता साळा बास. ही घ्या पुस्तकं."

"आधी ऐका, मग न्या तिला," बाई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. हा आजार नाही, पाप नाही. मोठं होताना प्रत्येक मुलीच्या शरीरात हे घडतं. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं कापड घ्यावं आणि शाळेत यावं. ऐकता ऐकता कोंडाबाई आत आली, माझ्यावर टेकली आणि रडायलाच लागली.

"मला कुनी सांगितलंच न्हाई वो. मी गोठ्यात लपून मरनाची वाट बघत व्हते."

डोळे पुसून तिनं पुस्तकं परत कमळच्या मांडीवर ठेवली. मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं!

पुढं बाकं आली आणि मी कोपऱ्यात गुंडाळून पडले. उंदरांनी कुरतडलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं. बऱ्याच वर्षांनी एका नव्या बाईंनी मला उलगडलं, तो फिका डाग सापडला आणि त्यावर हात फिरवला. ती कमळ होती हो!

लीलाबाईंसारखंच समजावून सांगायला तिनं मोठ्या मुलींना माझ्यावर बसवलं. मुलं सवयीनं बाहेर निघाली.

"कुटं निघाला? तुमी बी बसा. तुमचं अंग बी बदलनार हाय."

मित्रांनो, मला अधूनमधून झटका, ऊन दाखवा. आणि कधी माझ्यावरून एखादी उठत नसेल, तर हसू नका. तिच्याशेजारी बसा.